आजोबा हळू बोलतात की आजीला कमी ऐकू येतं? पार्किन्सन्समुळे बोलण्या-ऐकण्यात काय बिघडतं

जळगावातला फ्लॅट असो की धुळे जिल्ह्यातल्या गावातलं ओट्याचं घर, वयस्कर जोडप्यांमध्ये एक वाद हमखास ऐकू येतो. आजी म्हणते, "हे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, जरा जोरमा बोला म्हटलं तर राग येतो." आजोबा म्हणतात, "मी व्यवस्थित बोलतोय, हिचेच कान गेलेत." घरातली तरुण मंडळी हसतात आणि वय झालं म्हणून सोडून देतात.

आजोबांना पार्किन्सन्स असेल, तर हा वाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण त्यात बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. आजोबांचा आवाज खरोखर खाली गेलेला असतो. आजीचे कान वयामुळे खरोखर कमजोर झालेले असतात. आणि आपण नेहमीच्याच आवाजात बोलतोय असं आजोबांना अगदी मनापासून वाटत असतं. ते खोटं बोलत नाहीत आणि हट्टही करत नाहीत. त्यांच्या मेंदूला स्वतःचा आवाज तेवढाच मोठा भासत असतो.

हा लेख त्या तिसऱ्या गोष्टीबद्दल आहे. ती समजली की बाकीचं बरंच सोपं होतं.

हात थरथरण्यापलीकडचा आजार

पार्किन्सन्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर थरथरणारा हात येतो. आयुर्वेदातलं 'कंपवात' हे नावही कंपावरूनच आलं. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर पहिला सविस्तर निबंध लिहिला, त्याच्या नावातही थरथर होतीच. पण त्याच निबंधात त्यांनी रुग्णांचं बोलणं समजेनासं होतं, गिळायला त्रास होतो, हेही नोंदवलं होतं. म्हणजे बोलण्याचा त्रास हा नंतर सापडलेला भाग नाही. आपलंच लक्ष हाताकडे जास्त गेलं.

मेंदूच्या तळाशी काळसर रंगाच्या पेशींचा एक छोटा पट्टा असतो. तिथे डोपामाइन नावाचं रसायन तयार होतं. आपली प्रत्येक हालचाल किती मोठी, किती वेगाची आणि किती जोराची असावी, हे ठरवायला मेंदूला ते लागतं. या पेशी हळूहळू मरतात. हाताचा कंप किंवा चालण्यातला संथपणा दिसायला लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. डोपामाइन कमी पडलं की हालचाल थांबत नाही, ती लहान होते. पाऊल आखूड पडतं. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जातं. चेहऱ्यावरचे हावभाव आटतात. आवाज लहान होतो तोही याच कारणाने, कारण बोलणं हीसुद्धा स्नायूंची हालचालच आहे, आणि तीही फार नाजूक.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात ८५ लाखांहून जास्त लोकांना पार्किन्सन्स होता. त्यातल्या बहुतेकांच्या बोलण्यावर आजारात कधी ना कधी परिणाम होतो. मुष्टियोद्धा मोहम्मद अली तोंडाने बोलून प्रतिस्पर्ध्याला जेरीस आणण्यासाठी प्रसिद्ध होता. १९८४ साली, वयाच्या ४२व्या वर्षी त्याला पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं आणि पुढच्या काळात जगाने त्याला जवळजवळ गप्पच पाहिलं. आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांनाही शेवटच्या काळात हाच आजार होता. १२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

आवाज नेमका कुठे अडतो?

एक वाक्य बोलायला छातीतून हवा लागते, घशातल्या स्वरतंतूंना नीट जवळ येऊन थरथरावं लागतं, आणि जीभ-ओठांना दर सेकंदाला अनेक वेळा जागा बदलावी लागते. पार्किन्सन्समध्ये या तिन्ही ठिकाणी हालचाल थोडी थोडी कमी पडते. छाती पुरेशी फुगत नाही, म्हणून वाक्याच्या शेवटी हवा संपते आणि शेवटचे शब्द विरून जातात. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे "मला पाणी..." एवढं ऐकू येतं, आणि हवं की नको तेच कळत नाही.

स्वरतंतू पूर्ण मिटत नाहीत, मधून हवा निसटते, आवाज घोगरा आणि पोकळ येतो. प, ट, क या वर्णांसाठी ओठ किंवा जीभ क्षणभर घट्ट बंद व्हावी लागते. ते बंद होणं अर्धवट राहिलं की शब्दांच्या कडा पुसट होतात. ख, भ, ठ यांना तर वरून हवेचा झटकाही लागतो.

याशिवाय सूर सपाट होतो. प्रश्न, चेष्टा, राग, कौतुक, सगळं एकाच पट्टीत येतं. काहींचं बोलणं घाईचं होतं. पाय जसे छोटी पावलं टाकत पुढे पळतात, तसे शब्द एकमेकांवर आदळतात. काही जण एखादा शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहतात. काहींना सुरुवातच करता येत नाही. उत्तर मनात तयार असतं, पण तोंड उघडेपर्यंत समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असतो.

यातलं बरंचसं सुरुवातीला इतकं हळू घडतं की रोज बघणाऱ्यांना कळत नाही. पुण्याला किंवा सुरतेला नोकरीला असलेल्या मुलाला फोनवर आधी कळतं. त्याला चेहरा दिसत नसतो, फक्त आवाज असतो.

"मी जोरातच बोलतोय"

आता मुख्य गोष्ट. पार्किन्सन्स असलेल्या माणसाचा आवाज निरोगी समवयस्कापेक्षा सरासरी किती कमी असतो? मोजमापात २ ते ४ डेसिबल. आकडा किरकोळ वाटतो, पण डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. ३ डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा जवळपास निम्मी. पंखा, टीव्ही आणि रस्त्यावरच्या रिक्षा यांच्यामध्ये एवढा फरक शब्द बुडवायला पुरतो.

पण खरी अडचण आवाज कमी असण्यापेक्षा तो कमी असल्याचं न कळणं ही आहे. प्रयोगांत असं दिसलं की हे रुग्ण स्वतःच्या आवाजाची पातळी प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगतात. आपण बोलताना मेंदू सतत दोन गोष्टींचा ताळा घेत असतो: किती जोर लावला आणि कानाला किती ऐकू आलं. गोंगाटात गेलो की आपला आवाज आपोआप चढतो, मंदिरात गेलो की उतरतो. पार्किन्सन्समध्ये हा ताळाच चुकतो. थोडा जोर लावला तरी मेंदूला तो पुरेसा वाटतो.

जळगावच्या सराफ बाजारातल्या काट्याचं उदाहरण घ्या. काट्याचा शून्यच सरकलेला असेल, तर सोनं कितीही काळजीपूर्वक ठेवा, वजन चुकीचंच दिसणार. माप घेणारा प्रामाणिक आहे, काटा बिघडला आहे. म्हणून अशा माणसाला त्याच्या नेहमीच्या, दहा वर्षांपूर्वीच्या आवाजात बोलायला लावलं, तर तो म्हणतो, "हे तर ओरडणं झालं, लोक काय म्हणतील?"

यातच एक आशेची बाजू आहे. "जोरात बोला" असं सांगितलं की बहुतेकांचा आवाज लगेच वाढतो. म्हणजे घशात आणि छातीत ताकद शिल्लक आहे. फक्त ती आठवण टिकत नाही. दोन वाक्यांनंतर आवाज परत खाली येतो, आणि घरचे म्हणतात, "बघा, मनात आणलं तर जमतं, मुद्दाम करत नाहीत." इथेच नात्यांचं नुकसान होतं. मनात आणण्याचा प्रश्न नाही. आपल्याला जे आपोआप होतं, ते त्यांना दर वाक्याला ठरवून करावं लागतं, आणि त्याच वेळी चालणं किंवा जेवणं चालू असेल तर दोन्हीकडे लक्ष पुरत नाही.

घरच्या घरी याची खात्री करता येते. मोबाइलवर दोन मिनिटांच्या गप्पा रेकॉर्ड करा आणि नंतर त्यांनाच ऐकवा. बोलताना न पटलेली गोष्ट रेकॉर्डिंग ऐकताना बऱ्याच जणांना पटते. दोष काढण्याच्या सुरात मात्र हे करू नका.

कानांचं काय होतं?

वय वाढलं की कान कमजोर होतात, त्याला पार्किन्सन्स लागत नाही. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, च, फ हे वर्ण त्याच पट्टीतले, म्हणून 'सात' आणि 'हात' यांत गोंधळ होतो. "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत" ही तक्रार इथूनच येते. जिनिंगमध्ये, डाळ मिलमध्ये, यंत्रमागावर किंवा ट्रॅक्टरवर आयुष्य काढलेल्यांचे कान त्याहून आधी थकतात.

पण पार्किन्सन्स असलेल्यांमध्ये श्रवणदोष त्याच वयाच्या इतरांपेक्षा जास्त आढळतो, असं गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ब्रिटनमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये १ लाख ५९ हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या. गोंगाटात शब्द ओळखण्याची क्षमता दर १० डेसिबलने घटली की पुढे पार्किन्सन्स होण्याचा धोका सुमारे ५७ टक्क्यांनी जास्त दिसला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ३५ लाखांहून जास्त माजी सैनिकांच्या नोंदींवर 'जामा न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात अभ्यास आला. त्यातही असाच संबंध दिसला, आणि श्रवणयंत्र वेळेत घेतलेल्यांमध्ये पुढे पार्किन्सन्सचं प्रमाण कमी होतं.

हे वाचून कमी ऐकू येणाऱ्या प्रत्येकाने घाबरू नये. या आजाराचा मूळ धोकाच लहान आहे. त्यात दीडपट वाढ झाली तरी कमी ऐकू येणाऱ्या बहुसंख्य लोकांना पार्किन्सन्स होत नाही. आणि कान गेल्यामुळे आजार झाला असंही या अभ्यासांनी सिद्ध केलेलं नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच प्रक्रिया असू शकते. आतल्या कानातही डोपामाइन काम करतं, मोठ्या आवाजापासून कानाच्या नसांचं रक्षण करण्यात त्याचा वाटा असतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

कान ठीक असले तरी मेंदूतली प्रक्रिया बदलते, ते वेगळंच. समोरच्याच्या आवाजातला राग, चेष्टा किंवा काळजी ओळखणं अवघड जातं. चारचौघांच्या गप्पांत कोण काय म्हणालं याचा माग राहत नाही. लग्नाच्या पंगतीत आजोबा एका कोपऱ्यात गप्प बसतात, त्याचं कारण अनेकदा हेच असतं.

एक लक्षात ठेवण्याजोगा फरक: साधारणपणे ज्याला कमी ऐकू येतं तो माणूस मोठ्याने बोलतो. स्वतःला कमी ऐकू येत असूनही कोणी उलट हळू बोलायला लागला असेल, तर नुसते कान तपासून थांबू नका, मेंदूविकारतज्ज्ञांनाही दाखवा.

चक्करेच्या गोळीबद्दल दोन शब्द

ही गोष्ट फार कमी घरांना माहीत असते. चक्कर येते, कानात गुंई आवाज येतो, म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन ही औषधं आपल्याकडे सर्रास दिली जातात. थोड्या दिवसांसाठी ती ठीक आहेत. पण वयस्कर माणूस तीच चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने मेडिकलमधून गोळ्या आणत राहिला, तर या औषधांमुळेच पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात: हालचाल मंदावते, हात थरथरतो, आवाज बारीक होतो. ॲसिडिटी-गॅससाठीच्या लेव्होसल्पिराइड किंवा उलटीच्या मेटोक्लोप्रामाइडनेही, आणि मानसिक आजारांच्या काही औषधांनीही असं होतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध बंद केल्यावर बहुतेकांची लक्षणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. म्हणून तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच सोबत न्या. गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

खाजकुहिलीच्या बियांचंही तसंच. त्यात लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं मुख्य औषधच नैसर्गिक रूपात असतं. चूर्ण आणि गोळी दोन्ही चालू असतील आणि डॉक्टरांना एकच माहीत असेल, तर डोस बिघडतो.

गप्प माणसाचं घरात काय होतं

चेहरा कोरा, आवाज बारीक, उत्तराला उशीर. या तिन्हींची बेरीज बाहेरून मंदबुद्धीसारखी दिसते. पाहुणे आजोबांना सोडून थेट मुलाला विचारायला लागतात, "यांना काय होतं?" बँकेत, तलाठ्याकडे, दवाखान्यात कोणीतरी दुसरंच त्यांच्या वतीने बोलतं. काही काळाने माणूस प्रयत्नच सोडतो. शेताची वाटणी, नातीचं स्थळ, स्वतःचं ऑपरेशन, या गोष्टी त्याच्यासमोर पण त्याच्याशिवाय ठरतात. पार्किन्सन्समध्ये काहींना पुढे स्मृतिभ्रंश होतो हे खरं. पण आवाज जाणं म्हणजे बुद्धी जाणं नव्हे, आणि कित्येक वर्षं या दोन गोष्टींत मोठं अंतर असतं. औषधाने हात सुधारला की घरचे समाधानी होतात आणि आवाजाचं कोणी विचारतच नाही.

इथे औषधाची मर्यादा सांगायला हवी. लेव्होडोपाने ताठरपणा आणि संथपणा चांगला कमी होतो, पण आवाजावर त्याचा परिणाम बेभरवशाचा असतो. मेंदूत तारा बसवण्याच्या शस्त्रक्रियेने कंप कमी झाला तरी काहींचं बोलणं उलट आणखी अस्पष्ट होतं. गोळीचा असर चांगला असतो तो वेळ बोलण्याच्या कामांसाठी राखून ठेवणं मात्र फायद्याचं. बँकेत जायचं असेल तर त्या तासाभरात जा.

आवाज परत वाढवता येतो

अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये ली सिल्व्हरमन नावाच्या एक बाई होत्या. त्यांना पार्किन्सन्स होता आणि त्यांचं बोलणं घरच्यांना ऐकू यावं, एवढीच कुटुंबाची इच्छा होती. त्यातून १९८७ साली वाचा-उपचारतज्ज्ञ लोरेन रेमिग आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत घडवली, ती आज त्या बाईंच्या नावाने 'एलएसव्हीटी लाउड' म्हणून ओळखली जाते. आठवड्यातून चार दिवस, चार आठवडे, रोज तासभर, शिवाय घरी सराव. सूचना एकच: मोठ्याने. श्वास असा घ्या, जीभ तशी ठेवा अशा दहा सूचना देत नाहीत, कारण दहा गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवणंच या आजारात जड जातं. मोठ्याने बोलायचं ठरवलं की तोंड आपोआप जास्त उघडतं, श्वास खोल जातो, उच्चारही सुधारतात. आणि रोजच्या सरावाने काट्याचा तो सरकलेला शून्य हळूहळू जागेवर येतो.

हे नुसतं ऐकीव नाही. २०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ब्रिटनमधल्या ३८८ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा या पद्धतीच्या गटाला आवाजामुळे रोजच्या जगण्यात येणाऱ्या अडचणी, उपचार न मिळालेल्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी होत्या. तिथल्या सरकारी सेवेतल्या नेहमीच्या वाचा-उपचाराचा मात्र तसा फरक दिसला नाही. माझ्या मते यातून घ्यायची गोष्ट म्हणजे, महिन्यातून एकदा जाऊन येण्याने फार हाती लागत नाही. थोडे दिवस, पण रोज आणि कसून, हेच कामाला येतं.

आता खानदेशातला प्रश्न. चोपडा, साक्री किंवा शिरपूरहून आठवड्यात चार वेळा तज्ज्ञाकडे जायचं कसं? ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट लागतं. पण सोबतच्या माणसाचा रोज बुडतो त्याचं काय? मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. नायर रुग्णालयासारख्या ठिकाणी वाचा-उपचाराचे विभाग आहेत. पण जळगावहून मुंबई चारशे किलोमीटरच्या पुढे. व्यवहार्य मार्ग असा: पहिली तपासणी प्रत्यक्ष, पुढचा सराव व्हिडिओ कॉलवर. या पद्धतीचा व्हिडिओवरून दिलेला उपचार समोरासमोरच्या इतकाच लागू पडतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. गावात नेट नीट मिळणारी जागा आणि स्टँडवर ठेवलेला मोबाइल, एवढं पुरतं.

सुरुवात कान-नाक-घसा विभागापासून करा. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला असेल तर दुर्बिणीने घसा बघून घेणं आवश्यक आहे, विशेषतः तंबाखू-विडीची सवय असेल तर. सगळं पार्किन्सन्सच्या खात्यावर टाकून घशाची गाठ राहून जायला नको. कान तपासतानाही आधी साधा मळ आहे का ते बघतात. निम्मं काम कधी कधी तिथेच होतं. वाचा-उपचारतज्ज्ञ निवडताना भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, त्यात संकोच नको.

आणि भाषा. आपल्याकडे शाळेला 'शाया' आणि काळ्याला 'काया' म्हणतात. अहिराणीत आणि लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. हा आजार नाही, ही बोली आहे. पुण्या-मुंबईच्या शब्दयादीवर चाचणी घेतली तर तो उच्चारदोष म्हणून नोंदला जाऊ शकतो. तज्ज्ञांना पहिल्याच दिवशी सांगा की आजोबा घरी अहिराणी बोलतात. सरावाची वाक्यंही त्याच बोलीत हवीत. आयुष्यभर जी भाषा आपोआप तोंडी आली तिच्यातच आवाज आधी सुटतो. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी आपली कविता कागदावर लिहिली नव्हती, ती जात्यावर आणि शेतात तोंडीच रचली. ज्यांना ती पाठ आहे त्यांच्यासाठी सरावाला याहून चांगलं साहित्य नाही. हरिपाठ, आरती, भजनी मंडळ यांचाही उपयोग होतो. सामूहिक गाण्याचे अभ्यास अजून लहान आहेत, पण तिथे माणसं भेटतात हे काही कमी नाही.

घरी रोज काय करता येईल

तज्ज्ञांनी घसा ठीक असल्याचं सांगितल्यावर रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. खोल श्वास घेऊन लांब आणि मोठा 'आ', आठ-दहा वेळा. मग रोज लागणारी दहा वाक्यं: "चहा टाक", "टीव्ही बंद कर", "मला उठव". मग वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने, दुसऱ्या खोलीतल्या माणसाला ऐकू जाईल अशी. घसा खवखवला किंवा दुखला तर थांबायचं, ओढून-ताणून ओरडायचं नाही.

मोबाइलमधलं मराठी व्हॉइस टायपिंग हा फुकटचा परीक्षक आहे. बोललेलं वाक्य बरोबर उमटलं की आवाज पुरेसा आहे. अर्थात अहिराणीत बोललात तर तो काहीतरी भलतंच लिहितो, तेव्हा त्याचं फार मनावर घेऊ नका.

घरच्यांसाठी सगळ्यात उपयोगी सवय म्हणजे आधी टीव्ही बंद करणं. दुसऱ्या खोलीतून हाक मारून विचारू नका, समोर उजेडात बसा. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजा, त्यांचं वाक्य आपण पूर्ण करू नका. नुसतं "काय?" म्हणण्यापेक्षा जेवढं कळलं तेवढं सांगा: "दवाखान्याचं काहीतरी म्हणालात, कधी जायचं?" म्हणजे त्यांना सगळं पुन्हा बोलावं लागत नाही. एवढं करूनही आवाज पोहोचत नसेल, तर शिक्षक किंवा सहलीचे गाइड वापरतात तसा गळ्यातला माइक आणि कमरेचा छोटा स्पीकर मिळतो.

पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी मराठीतून काम करतं. मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. त्यांच्या संपर्कात राहिलं तर खानदेशात बसूनही बरीच माहिती आणि सोबत मिळते.

गिळण्याकडे दुर्लक्ष नको

बोलणं आणि गिळणं एकाच स्नायूंचं काम. आवाज ओलसर, गुळगुळल्यासारखा येत असेल, पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवायला तास लागत असेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञांनाच गिळण्याची तपासणी करायला सांगा. अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे पार्किन्सन्समधल्या मृत्यूंचं एक मोठं कारण आहे. कोरडी शेव, फरसाण, भुरभुरणारी भाकरी जपून. भाकरी रश्शात नीट भिजवून, मऊ भरीत, ताठ बसून, छोटे घास, आणि तोंडात घास असताना गप्पा नाहीत. घट्ट डाळ, दूध असे प्रथिनांचे पदार्थ लेव्होडोपाच्या गोळीबरोबर घेतले तर काहींमध्ये गोळीचा असर कमी होतो. म्हणून जेवणाआधी किती वेळ गोळी घ्यायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

श्रवणयंत्र आणि दाखला

श्रवणयंत्र घ्यायचं असेल तर ते रुग्णाला हवं की जोडीदाराला की दोघांना, हे तपासणीनंतरच ठरवा. आजोबांच्या बारीक आवाजावरचा एक उपाय आजीच्या कानात बसू शकतो. रुग्णासाठी घेताना पार्किन्सन्स आहे हे यंत्र बसवणाऱ्याला आवर्जून सांगा. थरथरत्या बोटांना बटणाएवढी बॅटरी बदलता येत नाही, त्यामुळे चार्जिंगचं, कानामागे बसणारं यंत्र सोयीचं पडतं. कानाच्या आत बसणारं चिमुकलं यंत्र दिसायला बरं, पण रोज काढा-घालायला कोणीतरी लागतं.

खर्चासाठी केंद्राच्या 'ॲडिप' आणि राष्ट्रीय वयोश्री योजनेतून उत्पन्नाच्या अटीवर श्रवणयंत्र मिळू शकतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना अशा साधनांसाठी ३,००० रुपये एकरकमी देण्याची तरतूद आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य केलं आहे. त्यात पार्किन्सन्सचं नाव स्वतंत्रपणे आहे, श्रवणदोष आणि वाचादोषही आहेत. अनेक घरांत हात थरथरतो एवढ्याच आधारावर दाखल्यासाठी जातात. बोलण्याचे आणि कानांचे तपासणी-अहवालही सोबत जोडा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणीसाठी ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात बोलावतात. त्या दिवशी गोळीची वेळ सांभाळा, आणि डॉक्टर प्रश्न विचारतील तेव्हा उत्तर आजोबांनाच देऊ द्या.